पेन्सिलीचा ठिपका

मंगळवार, रात्र.

वाचनालयाचे नवे खजिनदार आज संध्याकाळी जुनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, घेऊन आले आणि त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "ताई, अप्पांनी काही नोंदींपुढे पेन्सिलीने बारीक ठिपका दिला आहे, त्याचा अर्थ काय?" तपासलेल्या रकमेपुढची बरोबरची खूण मला माहीत होती, बेरजेखालची दुहेरी रेघ माहीत होती, ठिपका मात्र माहीत नव्हता. "बघून सांगते," असे म्हणून मी वही ठेवून घेतली. ते गेल्यापासून एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे: ज्या माणसाविषयी शोकसभेत मी पंधरा मिनिटे न अडखळता बोलले, त्याच्या हातची एवढीशी खूण मला वाचता आली नाही.

त्या भाषणात सगळे होते. 31 वर्षे बिनमोबदला लिहिलेले वाचनालयाचे हिशेब होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांची रात्री जागून भरून दिलेली विवरणपत्रे होती, घरातल्या प्रत्येकाच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेली तजवीज होती. दादा म्हणाला, छान बोललीस. आई काही बोलली नाही.

मी त्यांना ओळखत होते असे मला वाटत आले, कारण त्यांचे काम मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले होते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली नाही की ते आधी वही न उघडता नुसत्या तफावतीकडे पाहत. तफावतीच्या बरोबर निम्मी रक्कम कुठे सापडली, तर ती नावेऐवजी जमेला गेली असण्याचा संभव. तफावतीला 9 ने पूर्ण भाग गेला, तर दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय. एकदा 63 चा फरक होता. त्यांनी 9 ने भागून 7 काढले आणि ज्या रकमेतल्या शेजारच्या दोन अंकांमध्ये 7 चे अंतर आहे अशी रक्कम शोधायला मला बसवले. 81 च्या जागी 18 लिहिलेले मला सापडले, तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातात दिले आणि दुरुस्ती मला करायला लावली. चुकीचा आकडा खोडून काढायचा नाही. तो वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. माझी पहिली सही त्या वहीत आहे.

त्याच वर्षी त्यांनी मला लुका पाचोलीची गोष्ट सांगितली. 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात या ख्रिस्ती साधूने दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे आणि दुसऱ्याला जमा लिहिण्याची, पद्धत सविस्तर मांडली. पद्धत त्याने शोधलेली नव्हती, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. अप्पांना नेमके याचेच कौतुक होते, की दुसऱ्यांचे शहाणपण त्याने नीट लिहून ठेवले आणि आपले म्हणून मिरवले नाही. पाचोलीने तीन वह्या सांगितल्या आहेत: टिपणवही, रोजकीर्द आणि खातेवार नोंदींची खतावणी. त्यांतल्या टिपणवहीत घरातल्या कोणीही, जसे घडले तसे, लिहावे. आमच्या घरीही तशी वही होती. दाराजवळच्या खिळ्याला ती अडकवलेली असे, तिच्यात आम्ही सगळे खर्च लिहीत असू, आणि रात्री अप्पा त्या नोंदी आपल्या अक्षरात रोजकीर्दीत उतरवत.

जेवणानंतर मी वाचनालयाच्या व्हाउचरची फाइल काढली आणि ठिपक्यांच्या नोंदी एकेक करून ताडून पाहिल्या. फार वेळ लागला नाही. ठिपका असलेल्या प्रत्येक नोंदीचा व्हाउचर क्रमांक मूळ पावतीपाशी न जाता अप्पांच्या हातच्या चिठ्ठीपाशी जातो, आणि तिच्यावर एकच मजकूर आहे: "पावती उपलब्ध नाही. संबंधितांच्या सांगण्यावरून." खाली सही आणि तारीख. पहारेकऱ्याचे बसभाडे, कुलूप दुरुस्त करणाऱ्याची मजुरी, पुस्तके वाहून आणणाऱ्याचे पैसे. पावतीशिवाय नोंद नाही, असे आयुष्यभर बजावणाऱ्या माणसाने जिथे जिथे दुसऱ्याच्या शब्दावर पैसे दिले, तिथे तिथे ठिपका ठेवला होता. तपासनिसापासून त्यांनी काही लपवले नव्हते, आणि ज्याने पैसे घेतले त्यालाही चारचौघांत अवघडल्यासारखे होऊ दिले नव्हते.

इथे मी थांबायला हवे होते. पण उठून घरची रोजकीर्द काढली, माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची. मार्चच्या पानावर, माझ्या नावाखाली, "पुस्तके" या नोंदीपुढे ठिपका आहे.

ती पुस्तके मी कधीच घेतली नाहीत. ते पैसे कुठे गेले, हे इथे लिहिण्याची अजूनही तयारी नाही. टिपणवहीत "पुस्तके" असे मीच लिहिले होते आणि अप्पांनी पावती मागितली नव्हती, एवढेच खरे.

त्यांना कळले होते का? तासभर मी याच प्रश्नाभोवती फिरते आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नव्हे, हे मला त्यांनीच शिकवले होते. नोंद मुळातच राहून गेली, एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यात टाकली किंवा दोन चुकांनी एकमेकींना भरून काढले, तरी दोन्ही बाजू सारख्याच येतात. माझे खोटे तसेच होते. ते बेरजेला कधीच बोचले नसते. आधी मला स्वतःचीच कीव आली, आणि थोडा रागही: हिशेब संपवण्याच्या दिवसांत ज्यांची एकही संध्याकाळ आमच्या वाट्याला आली नाही, त्यांनी माझी संध्याकाळ वहीत अशी टिपून ठेवावी! मग वही पुन्हा पाहिली. ठिपका शंकेचा असता, तर पहारेकऱ्याच्या बसभाड्यापुढे तो दर महिन्याला आला नसता. शंका असलेल्या माणसाला अप्पांनी दुसऱ्यांदा पैसेच दिले नसते. मला तर एप्रिलमध्ये पुन्हा दिले आहेत, आणि तिथेही ठिपका आहे. एप्रिलची पुस्तके मी खरोखरच घेतली होती. दोन्ही ठिपके सारखेच आहेत, अगदी एका मापाचे.

त्यांना कळले असेल किंवा नसेल. माझ्या शब्दावर त्यांनी नोंद केली, आणि ती शब्दावर केली आहे हे नोंदवून ठेवले. याहून अधिक त्या पानावर काही नाही, आणि आता मला ते पुरते आहे.

उद्या खजिनदारांना अर्थ सांगेन आणि चिठ्ठ्यांची फाइलही देईन. घरची वही मात्र माझ्याकडेच ठेवणार आहे. दादाच्या नोंदींपुढेही ठिपके आहेत. ते मी मोजले नाहीत. त्याला दाखवायचे की नाही, हे आईला विचारून ठरवीन.