दिवसपाळीची भुतं

मे महिन्यात दुपारी एक ते पाच या वेळात नागपुरात माणसानं काय करावं, याला फारसे पर्याय नाहीत. जेवण झालेलं असतं, खिडकीतल्या कूलरपुढे चटई पडलेली असते आणि डोळ्याला डोळा लागत नाही. मग हातात फोन येतो. परवा त्यानं आपण होऊन ‘झी हॉरर शो’ ही टीव्हीवरची जुनी भुतांची मालिका पुढे आणून ठेवली. निळसर अंधार, हवेली, वरच्या मजल्यावर एकच दिवा आणि खाली कुणा पुण्यवानानं लिहिलेलं, ‘पूर्ण कथा’.

पूर्ण! आम्हाला ती कधीच पूर्ण मिळाली नव्हती. एक गोष्ट तुकड्यातुकड्यानं काही आठवडे चालायची आणि त्यातला एखादा तुकडा हमखास बुडायचा. कधी लाइन जायची, कधी केबलवाल्याच्या डिशवर माकड बसायचं (असं तो सांगायचा), कधी समोरच्या काकूंकडे पाहुणे यायचे. त्यामुळे पहिला खून कुणी केला ते ठाऊक, तिसरा का झाला तेही ठाऊक, आणि मधला आमचा आम्ही जुळवलेला. शाळेत मधल्या सुट्टीत त्यावर चर्चा व्हायची. ज्याचा तुकडा बुडला नव्हता त्याला त्या दिवशी कुणाच्याही डब्यातलं काहीही मागता यायचं.

समोरच्या काकूंचं केबल गल्लीतलं पहिलं. झी सुरू झालं ऑक्टोबर १९९२ मध्ये, पुढच्याच वर्षी भयपटवाल्या रामसे बंधूंचं हे प्रकरण आलं, आणि आमच्या घरी केबल नव्हतं, कारण दादाचं दहावीचं वर्ष होतं. ते संपलं तेव्हा बारावीचं सुरू झालं. काकूंचा टीव्ही ओनिडाचा. त्याच्या जाहिरातीत शिंगं-शेपटीवाला हिरवा सैतान यायचा आणि शेजाऱ्यांचा हेवा हीच मालकाची शान, असं सांगायचा. काकूंनी हेवा वाटायला वेळच दिला नाही. गल्लीतली सगळी पोरं घरात बोलावून घेतली. बदल्यात लसूण सोलायचा.

मध्ये परात, भोवती आम्ही, बाजूला कूलर. भूत यायच्या वेळेला आमचे हात थांबायचे. कूलर थांबायचा नाही. परातीतली सालं उडून नेमकी मानेवर येऊन बसायची. हलकं, थंड असं काहीतरी मानेला टेकतंय आणि त्याच क्षणी पडद्यावर दार करकरतंय. माझी त्या काळातली सगळ्यात मोठी किंकाळी लसणाच्या सालीवर खर्च झालेली आहे.

काकूंचं स्वतःचं भुताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष घरावर. “एवढ्या मोठ्या वाड्यात झाडू कोण मारत असन वो?” नायिका मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघाली की, “कायले जाते बाप्पा ही तिकडं? झोप ना चूपचाप!” चौकीदाराचा मुडदा सापडला की, “गेला बिचारा. पगार तरी देला होता का त्याले, कोणाले माहीत.” काका खुर्चीत झोपलेले असायचे. जाहिराती लागल्या की जागे होऊन विचारायचे, “मेला का?”

संपल्यावर घरी जायचं म्हणजे खरी परीक्षा, पण उन्हाळ्यात तीही नसायची. गल्ली ओलांडली की आमचा जिना, जिन्यावर गच्ची, आणि गच्चीवर अख्खा मोहल्ला झोपलेला. संध्याकाळी पाणी मारून निववलेल्या स्लॅबवर ओळीनं गाद्या. शेजारच्या गच्चीवरचा खोकला, पलीकडच्या गच्चीवरचं रडणारं बाळ, कुणाचा तरी ट्रान्झिस्टर, बाबांचं घोरणं. भूत आलंच असतं तर आधी कुणाच्या तरी उशाच्या तांब्याला पाय लागला असता आणि चार गच्च्यांवरून एकदम विचारणा झाली असती, “कोण आहे बे?” एवढ्या गर्दीत भुताची काय बिशाद! थंडीतली गोष्ट वेगळी. तेव्हा गल्ली ओलांडायला दादाचा हात लागायचा, आणि दादा बरोबर मधोमध पोचल्यावर हात सोडवून घेऊन पळायचा.

तर परवा मी ती पूर्ण कथा लावली. आई पलीकडच्या खोलीत नुकती झोपली होती म्हणून आवाज बंद ठेवला, आणि तिथेच सगळं आटोपलं. आवाज काढून घेतला की उरतं काय? एक बाई चालते, थांबते, मागे बघते, परत चालते. धूर दिसतो, धूर सोडणारा तेवढा दिसत नाही. भूत म्हणजे रबरी मुखवट्यात घुसमटलेला एक दमलेला गृहस्थ. आता तरी सुट्टी करा, असं त्याच्या खांद्यांवर स्पष्ट लिहिलेलं.

रामसे म्हणजे सात भाऊ. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. पुढे भावांनी सगळी खाती घरातल्या घरात वाटून घेतली. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, अर्जुन संकलनात आणि किरण आवाजावर. आता गंमत बघा. ऐन भुताच्या वेळी आम्ही सगळे डोळे गच्च मिटून बसायचो. म्हणजे बाकीच्या भावांची मेहनत आमच्यापुरती वायाच गेली. जे काही आत शिरलं ते किरणरावांच्या खात्यातून, कानावाटे शिरलं.

त्यांची सुरुवातही मजेशीरच. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण मुखवटा घालून चोरीला येणाऱ्या पृथ्वीराज कपूरला पाहून लोक दचकतात, हे भावांच्या लक्षात आलं. तेवढा धागा पकडून त्यांनी १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ काढला. तो केला महाबळेश्वरला.

आणि इथेच माझं या मंडळींशी बिनसतं. महाबळेश्वर! त्यांच्या भुताला धुकं लागतं, शाल लागते, शेकोटी लागते. टीव्हीवर आल्यावरही तीच हवा. त्या हवेलीत कुणाला म्हणून घाम येत नाही. तळघरातून माडीवर, माडीवरून बागेत, रात्रभर पळापळ चालते आणि नायिकेची बट कपाळाला चिकटत नाही. पंखा नाही, कूलर नाही, माठ तर कुठे दिसतच नाही. आमच्याकडे असली हवेली असती तर मध्यरात्री भुतानं दार वाजवून आधी गडूभर पाणी मागितलं असतं. लहानपणी हे खटकत नव्हतं. आता मी पूर्ण वेळ तेच बघत होते. चौकीदाराच्या अंगावर घोंगडं! गडी खुनामुळे मेला असं म्हणतात, मला शंका आहे.

आमच्या आजीची भुतं दिवसपाळीची होती. तिच्या हिशेबात रात्र ही घाबरायची वेळच नव्हे, कारण रात्री घरात माणसं असतात. धोका दुपारी बाराला. भर बाराला चिंचेखाली उभं राहायचं नाही, केस मोकळे सोडून अंगणात जायचं नाही, आणि कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मुंजा पिंपळावर, चकवा रस्त्यावर, अशी त्यांची नेमणूक ठरलेली. पोर तापानं फणफणलं की पहिला प्रश्न, “बाराचं गेलतं ना बाहेर?” मग मीठ-मोहरी आणि मागून डॉक्टर.

मेमधली बाराची गल्ली ज्यानं पाहिली आहे त्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. सगळी दारं बंद. खिडक्याखिडक्यांतून कूलरच्या मोटरींची घरघर तेवढी येते. त्यावरून आत माणसं आहेत असं धरून चालायचं. नालीत कुत्रं पडलेलं, झोपलंय की मेलंय कळत नाही. डांबर इतकं मऊ की पाय उचलावा तर पाय वर येतो आणि स्लिपर खालीच राहते. बाबांना दुकानात डबा द्यायला घरात मीच उरले होते तेव्हाची गोष्ट. बडकस चौकाच्या अलीकडे माझी स्लिपर अशी धरली गेली. वाकून ओढावी तर हात भाजतो, सोडून पळावं तर पाय. एका पायावर उभी आहे, डब्यातलं वरण हिंदकळतंय, आणि मागून हाक आली. माझ्या नावानं.

मी ओ दिली नाही. नियम म्हणजे नियम.

दुसरी हाक आली. तिसरी आली. मग पाठीत एक धपाटा आला. “कवापासून आवाज देऊन राहिली मी! कांदा राह्यला ना घरी!” लू लागू नये म्हणून खिशात ठेवायचा कांदा घेऊन आजी स्वतः, पदर डोक्यावर ओढून, भर बाराची तिथपर्यंत चालत आली होती. ओ का दिली नाही म्हणून वर बोलणीही खाल्ली.

२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी आली होती. नंतर तो सेन्सरचा बिघाड निघाला. पण मधल्या वेळात आमच्या गल्लीत कुणालाही आश्चर्य वगैरे वाटलेलं नव्हतं. “हाव, दुपारी थोडं जास्तच होतं,” एवढंच.

या गावची सगळ्यात मोठी भुतं तर वाजतगाजत, लख्ख उजेडात निघतात. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारी-महालाचे रस्ते आणि त्या दोघी मारबती, म्हणजे मिरवणुकीतले बायांचे अवाढव्य पुतळे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, दरवर्षी नव्या विषयाचे. बाबांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा काळीला पाहिलं तेव्हा तिचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले होते, आणि रामसेंची सगळी हवेली मिळून त्याची सर नाही. पण तिला घाबरायचं कुठे असतं, तिला कामं सांगायची असतात. “रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत!” खोकला घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा, महागाई घेऊन जा. ओझं लादायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. महागाई परत येते, ती बहुधा दुसऱ्या गाडीनं.

दुपारच्या त्या ओसाड रस्त्यावर ठरल्या वेळी दिसणारा एकच माणूस होता, बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलणारा. भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली लादी, लाल-हिरव्या-काळ्या रंगाच्या बाटल्या, डोक्याला ओला दुपट्टा. बर्फ किसताना तो खालून एक हात धरायचा आणि तो हात पांढराफटक, सुरकुतलेला दिसायचा, बाकीचा माणूस काळाकुट्ट. आम्हाला दुपारी बाहेर पडू न देणारी आजी त्याच्यासाठी मात्र दार उघडायची. याच्याशी भुतांचं काहीतरी ठरलेलं असणार, असा आम्हा पोरांचा निष्कर्ष होता. तो त्यांना उधारीवर गोळे देत असावा. एका मेमध्ये तो यायचा थांबला. लू लागली, दवाखान्यात नेलं, गेला, असं नंतर कुणी कुणी सांगितलं. गाडी पाऊस लागेपर्यंत निंबाला साखळीनं बांधलेली होती, बाटल्यांसकट. त्या मेमध्ये आजीनं भुताचं नाव काढलं नाही. नुसतं म्हणायची, “ऊन आहे. जाऊ नका.”

संध्याकाळी पुण्याला दादाला फोन लावला. म्हटलं, काकूंकडची ती गोष्ट सापडली, पूर्ण आहे.

“कोणती, विहिरीवाली?”

“विहीर नाहीये त्यात. मी शेवटपर्यंत पाहिली.”

“आहे ना. विहिरीतून हात येते अन् काकूंच्या हातातून परात पडते.”

परात पडली होती हे खरं आहे. मी त्याला लिंक पाठवली आणि जाता जाता विचारलं, तो गोळेवाला आठवतो का, निंबापाशी गाडी असायची तो. तो म्हणाला, आठवून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. “पाहिली पूर्ण. विहीर होतीच, यांनी कापली असन. गोळेवाला काही आठवत नाही बा.”