सुटी चहा पावडर, गणपती पेठ, सांगली : आमची वाटचाल

पोरगं मागं लागलंय, पप्पा दुकानाचा इतिहास लिहून काढा. इतिहास कसला, दहा बाय बाराचं दुकान आणि त्यात सुटी चहा पावडर, 1996 पासून. पण समोरच्या चहा पावडरवाल्यांनी मध्यंतरी बोर्डावर 'सांगलीचा अस्सल चहा' असं रंगवून घेतलंय आणि ते रोज शटर उघडताना माझ्या डोळ्यासमोर येतं, म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

सुरुवात साडूभाऊंबरोबर केली. पैसे त्यांचे 40 हजार, जागा आणि अंगमेहनत माझी. माल ठेवायला खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, आणि सांगलीत स्वस्तात खोली कुठं मिळणार तर हळदीच्या वखारीला लागून. चहा हा कागदासारखा असतो, शेजारी जे असेल ते पिऊन घेतो, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत. दहा गोण्यांचा पहिला लॉट महिनाभर तिथं राहिला आणि पहिल्याच हॉटेलवाल्यानं विचारलं, पावडर दिली का भंडारा दिला? साडूभाऊ दीड वर्षात बाहेर पडले, त्यांचे पैसे मी व्याजासकट दिले, तरी अजून लग्नकार्यात भेटले की हळदीचा विषय काढतातच.

मग मी धंदा शिकलो. गुवाहाटी आणि सिलिगुडीच्या लिलावातला माल एजंटकडून यायचा, आधी सॅम्पलच्या पुड्या, वर गार्डनचं म्हणजे चहाच्या मळ्याचं नाव, ग्रेड, लॉट नंबर. दाणा म्हणजे बीपी, बीओपी, ज्याला मुंबईकडं ममरी म्हणतात, तो चवीला. डस्ट म्हणजे बारीक भुकटी, ती कलरला आणि कडकपणाला. घरचं गिऱ्हाईक दाणा बघून घेतं, टपरीवाल्याला डस्ट पाहिजे कारण त्याला दोन उकळ्यांत कलर पाहिजे. टेस्टिंगचा नियम 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं असा आहे, तो मी पाळतो, पण नंतर तीच पावडर स्टोव्हवर दूध-साखर घालून परत उकळून बघतो, कारण आपल्याकडं कोण पाण्यात भिजवून पितंय?

माझी हत्यारं अजून तीच आहेत. पितळी ताजवा (आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, ताजवा नुसता टांगलाय, पण दर दसऱ्याला पूजा त्याचीच), पत्र्याचे बारा डबे, दोन चाळण्या आणि एक लोहचुंबक. लोहचुंबक बघून नवीन गिऱ्हाईक हसतं. सीटीसीच्या, म्हणजे पान चिरडून दाणा पाडणाऱ्या मशीनच्या, रोलरचे दात झिजतात, त्याचा कीस पावडरीत येतो, कायद्यानं किलोला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, तरी मी प्रत्येक लॉटवर चुंबक फिरवतो. समोर फिरवतात का ते तुम्हीच जाऊन बघा.

2000 ते 2018 विशेष काही नाही. दुकान चाललं, पोरांची शिक्षणं झाली. 2005 ला पूर आला होता, दुकानात कमरेएवढं पाणी, पण तेव्हा माल थोडा होता, वेळेत हलवला. पाणी ओसरल्यावर मी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवली आणि मागच्या खोलीत लोखंडी रॅक करून घेतले, त्या रेघेच्या वर चांगलं एक हात. बायको म्हणाली, अजून एक हात घ्या. म्हटलं कशाला, 2005 च्या वर पाणी कधी आलंय का.

ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 45 फुटाला धोक्याची पातळी, 2005 ला पाणी 54 च्या आत राहिलेलं. आम्ही सगळे पेठेतले तोच हिशोब धरून बसलो होतो. माल उचलून रॅकवर ठेवला, शटरला कुलूप लावलं आणि विश्रामबागला मेव्हण्याकडं गेलो. 57 च्या वर गेलं. म्हणजे माझी रेघ, त्यावरचा हात आणि त्याच्यावर अजून दोनेक फूट. मेव्हण्याच्या गच्चीवर उभा राहून मी दिवसभर फूट आणि इंच मोजत होतो, जेवणसुद्धा जात नव्हतं.

परत आलो तेव्हा 62 गोण्यांपैकी 49 भिजलेल्या. कागदी सॅकला आतून फॉइल असतं खरं, पण शिलाईतून पाणी शिरतंच, आणि पुराचं पाणी म्हणजे गटार, डिझेल, मेलेली जनावरं, सगळं. माल 3 लाखांच्या वरचा, निम्मा उधारीवर आणलेला. इन्शुरन्सवाल्यांनी सांगितलं की पॉलिसीवर पत्ता दुकानाचा आहे, मागची खोली वेगळ्या नंबरची, तिचं धरता येणार नाही. सोळा वर्षं हप्ते घेताना कुणी खोलीचा नंबर विचारला नव्हता. (तुमचं गोडाऊन असेल तर आज रात्रीच पॉलिसी काढून पत्ता वाचा, उद्यावर टाकू नका.)

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला, भिजलेला चहा किलोला 25 रुपयांनी घेतो म्हणाला, खतासाठी. खताला 25 कोण देतं? ती पावडर वाळते, तिला रंग लागतो आणि परत कुणाच्यातरी कपात येते. 40 हजार होत होते आणि मला त्या घडीला चारशेसुद्धा मोठे होते, खोटं कशाला बोलू. बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं. ट्रॅक्टर लावून 49 गोण्या गावाकडच्या चुलत्यांच्या शेतात खड्ड्यात ओतल्या, ट्रॅक्टरचं भाडं अंगावर.

आणि समोरच्यांचं दुकान? तेही तितकंच बुडालेलं. तर आठव्या दिवशी त्यांची पावडर बाहेर, किलोला 40 रुपये कमी. मी काही म्हणत नाही. पोराला पाठवून पावशेर मागवली, ओल्या पांढऱ्या फडक्यावर चिमूटभर पसरली, फडकं लगेच तांबूस झालं. चांगली पावडर थंड पाण्यात इतका रंग इतक्या झटकन सोडत नाही. ते फडकं मी वर्षभर गल्ल्यात जपून ठेवलं होतं. कुणाला दाखवलं नाही, पण ठेवलं होतं.

माझी निम्मी गिऱ्हाईकं तेव्हा समोर गेली. गेले नाहीत ते स्टँडजवळचे टपरीवाले मामा. रोजची सव्वा किलो डस्ट, 1998 पासून. त्यांचं खोकं पण बुडालेलं, तर मिरज रोडला हातगाडीवर स्टोव्ह ठेवून उभे राहिले, किराणातून पाकिटाची पावडर घेतली, महाग पडत होती तरी घेतली, समोर गेले नाहीत. एक दिवस येऊन माझी मागची उधारी, सहा हजार आणि काहीतरी, पिशवीतून नाण्यांसकट काढून दिली. म्हटलं मामा, आत्ता कशाला, तुमचंच बुडालंय. म्हणाले, "आता न्हाई तर कधी? तुमी माल मागवा की." त्या पैशातनं दोन गोण्या आल्या, त्यावर दुकान परत उघडलं.

2020 ला टपऱ्या बंद आणि आसामला पहिला फ्लश, म्हणजे वर्षाची पहिली तोड, गेल्यामुळं भाव चढलेले, घरगुती गिऱ्हाइकांवर निघालं. 2021 ला पाणी परत आलं पण तोवर गोडाऊन कुपवाडला उंचावर नेलं होतं.

नवीन पोरं विचारायला येतात, काका चहाची फ्रँचायझी घेऊ का. पाच-सात लाख बोर्डाला घालण्यापेक्षा आधी सहा महिने कुणाच्यातरी टपरीवर भांडी घासा, दूध किती नासतं ते बघा. आणि टपरीवाल्याला उधारी द्या पण आठवड्याची, महिन्याची नको.

मामा आता थकलेत, पोरगा बसतो. परवा तो म्हणाला, समोर किलोला 30 रुपये कमी लावतात, तुम्ही काय करता बोला. मी 5 रुपये कमी केले. तो 10 वर अडलाय, बघू, सोमवारी येतो म्हणालाय.