आरती गणपतीची, शब्द कुणाकुणाचे

मंडळाच्या गणपतीत सगळ्यात जास्त आठवते ती रात्रीची आरती. झांजा कुणाच्या हाती जाणार यावरून पोरांची झोंबाझोंबी, माईकला चिकटलेला एक काका, आणि ‘येई ओ विठ्ठले’मधला ‘ये’ कोण जास्त वेळ लांबवतो याची चुरस. सार्वजनिक गणपती पुण्या-मुंबईत १८९३च्या आसपास रुजले. तिथे म्हटल्या जाणाऱ्या आरत्या मात्र त्याहून कितीतरी जुन्या, आणि त्यातल्या बऱ्याच गणपतीच्या नाहीतच.

कवी शोधायचा तर शेवटचं कडवं बघावं. ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ म्हणजे समर्थ रामदास, सतरावं शतक. ‘लवथवती विक्राळा’ ही शंकराची आरतीही त्यांचीच. तिच्या शेवटी ‘रामदासा अंतरी’ येतं. ‘दुर्गे दुर्घट भारी’त नरहरी, तर ‘युगे अठ्ठावीस’मध्ये नामदेव. पंचाईत अशी, की नेमक्या याच कडव्याला मंडप पुटपुटायला लागतो. पहिलं कडवं सगळ्यांना पाठ, शेवटचं फक्त माईकवाल्याला.

आरत्या कानांनी पाठ होतात, तेही झांजांच्या गदारोळात, म्हणून चुकाही पिढीजात. ‘उटी शेंदुराची’ची ‘ओटी’ होते, ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी’. ‘फणिवरबंधना’ची ‘फळीवर वंदना’ तर घरोघरी. खरं तर तिथे पोटाला बांधलेल्या नागाचं वर्णन आहे. मूर्ती नीट पाहिली तर पुष्कळदा कमरेला तो वेढा दिसतोही.

पुढे ‘घालीन लोटांगण’. टाळ्यांचा वेग वाढतो, माणसं स्वतःभोवती फिरतात, लहान मुलं शेजारच्यावर आदळतात. इतक्या धांदलीत कळतही नाही की ही पाच तुकड्यांची गोधडी आहे. पहिलं कडवं मराठी, ‘म्हणे नामा’ अशा नाममुद्रेचं. मग ‘त्वमेव माता’ ही संस्कृत प्रार्थना. ‘कायेन वाचा’ भागवताच्या अकराव्या स्कंधातला श्लोक, ‘अच्युतं केशवं’ शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या अच्युताष्टकातला, आणि ‘हरे राम’ कलिसंतरण उपनिषदातलं. पाचांतही गणपतीचं नाव नाही! पण ज्याने कुणी हे जोडलं त्याचा कान पक्का होता. मराठीतून संस्कृतात कधी शिरलो ते म्हणणाऱ्याला जाणवत नाही.

मंत्रपुष्पांजली तर थेट वैदिक. ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’ ऋग्वेदातलं. ‘राजाधिराजाय’ तैत्तिरीय आरण्यकातलं, आणि तो नमस्कार वैश्रवणाला, म्हणजे कुबेराला. ‘साम्राज्यं भौज्यं’ ही पदांची माळ ऐतरेय ब्राह्मणात राजाच्या महाभिषेकाच्या प्रकरणात येते, आणि शेवटचा श्लोक मरुत्त राजाच्या घरी देव वाढपी होते असं सांगतो. गल्लीतल्या मंडपात रोज रात्री राज्याभिषेकाचे मंत्र म्हटले जातात, आणि म्हणणाऱ्यांचं लक्ष खिरापतीच्या डब्याकडे असतं.

हे मंत्र टाळ्या-झांजांशिवाय, एका संथ लयीत म्हणायचे. ‘घालीन लोटांगण’चा वेग अंगात असतो म्हणून टाळ्या सुरूच राहतात आणि ‘समन्तपर्यायी’पाशी सगळे धापा टाकतात. मध्ये दोन श्वासांची उसंत घेतली की निभतं. फुलं-अक्षता वाटायला तीच वेळ बरी. कापूर निरांजनात टाकू नये. भडका उडतो आणि वातही विझते. त्याला वेगळी कापूरआरती हवी, आणि तो ‘घालीन लोटांगण’च्या आधी पेटवला तर मंत्रपुष्पांजलीपर्यंत टिकत नाही. फुलं मागून फेकू नयेत, ती पुढच्याच्या टाळक्यावर पडतात, नाहीतर समईवर. हातोहात पुढे द्यावीत आणि पुढच्याने सगळ्यांच्या वतीने वाहावीत.