स्पीकर गेलेले नव्हते

नवा स्टिरिओ बसवल्यावर आवाज बिघडला की दुकानात पहिलं ऐकायला मिळतं ते हेच: "साहेब, स्पीकर गेलेत." आमच्या जुन्या वॅगन आरच्या वेळी मलाही तेच सांगितलं गेलं, वर चारेक हजारांच्या नव्या स्पीकरचा भावही. मला ते पटेना. सकाळपर्यंत स्वच्छ वाजणारे चार स्पीकर टचस्क्रीनवाला सेट लागल्याबरोबर एकदम कसे जातील? बदललं काय, तर सेट आणि त्याच्या जोडण्या. मग शोधही तिथूनच सुरू करायला हवा.

तक्रारी तीन होत्या. एक, आवाज पोकळ. आईला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला नेताना गाडीत अभंग लागतात. त्यात टाळ ऐकू यायचे, पण पखवाजाचा घुमारा गायब आणि गाणाऱ्याचा आवाज समोरून न येता कुठून तरी बाजूनं आल्यासारखा. दोन, मधूनच चारही स्पीकर बंद. स्क्रीन चालू, गाणं पुढे सरकतंय, आवाज मात्र शून्य. तीन, इंजिन चालू असताना बारीक शिट्टी, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी.

शेजारचे काका ओझरच्या विमान कारखान्यातून (एचएएल) निवृत्त झालेत. त्यांच्याकडे मल्टिमीटर मागायला गेलो तर ते स्वतःच खाली आले. म्हणाले, "स्क्रू नंतर खोल. आधी बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरव, एकेक कोपरा वेगळा ऐक." हे करायला हत्यार लागत नाही, म्हणून प्रत्येकानं इथूनच सुरुवात करावी. आकाशवाणी नाशिक लावलं, निवेदनाचा आवाज हा त्यासाठी सगळ्यात चांगला. पुढचा डावा एकटा वाजवला, ठीक. पुढचा उजवा एकटा, तोही ठीक. दोन्ही एकत्र केले की निवेदिकेचा आवाज पोकळ! स्पीकर फाटला असता तर एकटा वाजतानाही खरखरला असता.

याचा अर्थ एकाच स्पीकरची प्लस-मायनस उलटी जोडली गेली होती. एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि दोघं एकमेकांची हवा खातात. मार बसतो तो खर्जाला, कारण 60 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेपाच मीटरहून जास्त, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा मोठी. बारीक सूर बऱ्यापैकी वाचतात, ढोल-पखवाज मरतो.

उलटी जोडणी होते कशी, तर रंगांमुळे. बाजारातल्या बहुतेक सेटच्या वायरींना ठरलेले रंग असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि काळी रेघ असलेली ती मायनस. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीनंतरची, काळी अर्थची. पण गाडीच्या बाजूच्या वायरींना हा नियम लागू नसतो, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. म्हणून त्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर (वायरी जोडायचा प्लग) घ्यावा. आमच्या गाडीत मूळ कपलर कापून वायरी पिळून टेप गुंडाळली होती. हे काम मला अजिबात मान्य नाही. एप्रिल-मेच्या उन्हात त्या टेपचा गोंद पातळ होतो आणि जोड उघडे पडतात.

खात्री पेन्सिल सेलनं होते. बॅटरीची मायनस काढली, सेटमागचा कपलर सोडवला, मगच स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. काका दरवाजाच्या जाळीवर टॉर्च धरून वाकले होते. डाव्या बाजूला 'टक्' झालं, पडदा बाहेर आला. उजव्या बाजूला तसाच टेकवला तर पडदा आत ओढला गेला. "बघ, उलटा श्वास घेतोय," काका म्हणाले. त्या दोन वायरींची अदलाबदल केली. तेवढ्यात मीटरनं चारही स्पीकर मोजून घेतले. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 3 ते 3.7 दाखवतो, आमचे सगळे त्यातच. कॉइल जळली असती तर मीटरनं काहीच दाखवलं नसतं.

आता मधूनच बंद पडण्याचं. हे समजायला एक गोष्ट माहीत हवी: आजच्या सेटमध्ये स्पीकरची मायनस ही बॉडीची अर्थ नसते. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मं, म्हणजे सहाएक व्होल्ट असतात. दोनपैकी कुठलीही वायर पत्र्याला लागली की सेट स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडतो. नशीब वाईट असेल तर आतला अ‍ॅम्प्लिफायर आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, जातो. फार जुन्या सेटमध्ये मायनस बॉडीला जोडलेली चालायची, आणि काही मिस्त्री आजही त्याच सवयीनं जोडतात.

कपलर सुटलेलाच होता. मीटर 'बीप'वर ठेवला, म्हणजे जोड मिळाला की तो वाजतो. त्याची एक पिन बॉडीला, दुसरी एकेका वायरीला. सगळीकडे शांत. मग काकांनी मला डावा दरवाजा हळूहळू उघडायला सांगितलं. अर्ध्यावर आला आणि मीटर किंचाळला.

दरवाजाचं पॅड काढलं. (एअरबॅगवाल्या गाडीत पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात आणि मीटर दोन्ही लावू नका.) सेट बसवताना 'जाड वायरनं आवाज वाढतो' म्हणून नवी वायर टाकली होती. ती खांब आणि दरवाजा यांच्यामधल्या रबरी नळीतून न घेता बिजागरीशेजारून बाहेरूनच ओढलेली. दरवाजा लावताना दर वेळी ती चिमटत होती. वरचं प्लास्टिक फाटून तांब्याचे चार-पाच तंतू फुलले होते, आणि समोर पत्र्याच्या कडेवर रंग उडून चकचकीत ओरखडा पडला होता. गंगापूर रोडच्या गतिरोधकांवर आवाज का जायचा, ते तिथं डोळ्यांनी दिसलं. नवा तुकडा सोल्डर केला, हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली आणि नळीतून ओढला. नळीतून वायर ओढणं कटकटीचं आहे. कडक तार आधी घालून तिच्या शेपटाला वायर बांधली तेव्हा जमलं.

शिट्टीचं काम त्या मानानं लवकर आटोपलं. सॉकेटमधला मोबाइल चार्जर काढून पाहिला, फरक नाही. सेटची काळी वायर डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या पट्टीच्या स्क्रूखाली दाबली होती. ती बॉडीच्या बोल्टखाली, रंग खरवडून, घट्ट आवळली. शिट्टी गेली.

मोठ्या आवाजाला थोडी फरफर मात्र राहिली होती. खोक्यावर 50 वॉट गुणिले 4 छापलेलं असतं, पण अशा सेटमधून 4 ओहमला सलग मिळतात ते वीसेक वॉट. त्यापुढे सेट आवाजाच्या लहरींची टोकं कापायला लागतो आणि छोट्या स्पीकरवर खर्जाचा भारही पडतो. सेटिंगमध्ये खालचा खर्ज अडवणारा हाय पास फिल्टर 80 हर्ट्झवर ठेवला, बास बूस्ट बंद केला, फरफर थांबली.

तुटकी वायर घेऊन दुकानात गेलो. मालक काही बोलला नाही, पण बसवणाऱ्या मुलानं ती नीट निरखली आणि म्हणाला, "दादा, उजव्या बाजूलाही तशीच टाकलीय." त्यानं तिथंच पॅड उघडलं. ती वायर अजून फाटली नव्हती, फक्त चपटी झाली होती. तीही बदलून त्यानं रबरातून ओढून दिली.