परदेशी विद्यापीठाने भरताच्या वांग्याचं बी मागितलं तेव्हा

यावल तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. बामणोद पट्ट्यातलं भरताचं हिरवं वांगं हा माझ्या संशोधनाचा विषय. एका परिषदेत त्यावर निबंध वाचला आणि काही दिवसांनी युरोपातल्या एका विद्यापीठातून ईमेल आला. आपण मिळून काम करू, तुमच्याकडच्या वाणांचं बी पाठवा आणि सोबतच्या करारावर सही करा. महाविद्यालयात सगळ्यांना आनंद झाला. ग्रामीण भागातल्या विभागाला अशी संधी वारंवार येत नाही. पण करारातली निम्मी कलमं मला कळत नव्हती, आणि बी माझ्या घरचं नव्हतं. ते पिढ्यानपिढ्या राखणाऱ्या शेतकऱ्यांचं होतं. न कळलेल्या कागदावर त्यांच्या वतीने सही करायला मी तयार नव्हतो.

म्हणून आधी शिकून घ्यायचं ठरवलं. शोध, नावं, कलाकृती यांच्यावरच्या हक्कांचं, म्हणजे बौद्धिक संपदेचं, काम पाहणारी जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे वायपो, जिनिव्यात आहे. भारत १९७५ पासून तिचा सदस्य आहे. तिच्या अकादमीचा डीएल-१०१ हा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन आणि मोफत आहे. कॉपीराइट, ट्रेडमार्क, भौगोलिक मानांकन, पेटंट, वनस्पती वाण असे एकेक धडे, सोबत आपली आपण तपासायची प्रश्नावली आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा. मी तो इंग्रजीतून केला. रात्री जेवणं झाली की बसायचो, वाचलेलं मराठीत लिहून काढायचो. त्याच टिपणांवर आज आमच्या एम.एस्सी.च्या मुलांचा वर्ग चालतो.

मानांकनाच्या धड्याने मोठा गोंधळ मिटवला. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे सर्रास म्हणतात, ‘वांग्याचं पेटंट आपल्याकडे आहे.’ तसं नाही. मानांकनाने नाव राखलं जातं. दुसरीकडचं वांगं कोणी जळगावचं म्हणून विकू लागला तर त्याला अडवता येतं. पण इथलं बी नेऊन त्यातून नवा संकरित वाण काढला आणि भलत्याच नावाने बाजारात आणला, तर तिथे मानांकन कामाला येत नाही.

वनस्पती वाणांच्या धड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आंतरराष्ट्रीय पातळीवर या विषयाची चौकट नवा वाण काढणाऱ्याला, म्हणजे पैदासकाराला, हक्क देणाऱ्या युपॉव्ह कराराची, आणि भारत युपॉव्हमध्ये नाही. आपण २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्यात पैदासकाराचे हक्क आहेत, तसा शेतकऱ्यालाही बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याने राखलेला वाण त्याच्या नावावर नोंदवताही येतो. त्यामुळे जिनिव्याचा धडा आणि आपला कायदा शेजारी ठेवूनच वाचावं लागलं. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे हा विषय असाच शिकवायला हवा. परदेशी अभ्यासक्रम नुसता भाषांतर करून आणला तर आमच्या विद्यार्थ्याला त्यात आपला शेतकरी दिसणारच नाही.

बी बाहेर पाठवण्याचा प्रश्न मात्र २००२ च्या जैवविविधता कायद्यात येतो. परदेशी संस्थेला इथलं जैविक संसाधन संशोधनासाठी हवं असेल तर तिने चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यायची असते. आपण काढलेले निष्कर्ष परदेशी संस्थेकडे द्यायचे तर आपल्यालाही मंजुरी लागते. वांग्याच्या बाबतीत हे कागदापुरतं नाही. बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, वांग्याच्या संशोधनात कर्नाटकातले स्थानिक वाण परवानगी न घेता वापरल्याचा वाद २०११ मध्ये याच प्राधिकरणापुढे गेला होता.

अर्जात वाण कोणता, बी किती, कुठल्या गावातून आणि कशासाठी, हे सगळं लिहावं लागतं. म्हणून गावात गेलो. तिथल्या एका काकूंनी बी कसं धरतात ते दाखवलं. झाडावरचं डौलदार वांगं हेरून देठाला चिंधी बांधायची, म्हणजे तोडणीत कोणी हात लावत नाही. पिवळं पडून लिबलिबीत झालं की चिरायचं, गर पाण्यात चोळायचा, वर तरंगणारं पोचट बी फेकून द्यायचं, तळाला बसलेलं राखेत घोळून सावलीत वाळवायचं. दरवर्षी, न चुकता. आम्ही प्रयोगशाळेत ज्याला निवड म्हणतो ती या घरांमध्ये कित्येक पिढ्या चालू आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “बी आमचं, मंग कागदावर नाव कोनाचं लावतीन, सर?”

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत या वाणांची नोंदच नव्हती. समितीच्या लोकांसोबत बसून आधी ती करून घेतली. अर्जाआधी हे काम व्हायलाच हवं होतं. गावाचं म्हणणं कोणी विचारलं तर दाखवायला नोंद तरी हवी.

मग करार पुन्हा उघडला. आता कलमं कळत होती. पाठवलेलं बी त्यांच्या संग्रहात कायम राहणार, ते तिसऱ्या संस्थेला देता येणार, निष्कर्षांवरची बौद्धिक संपदा त्यांची, आणि वाद झाला तर कायदा त्यांच्या देशाचा. मी प्रत्येक कलमासमोर आपली सूचना लिहिली. प्रकल्पाआधी ज्याचं जे आहे ते त्याचंच राहील. प्रकल्पातून जे निघेल ते दोघांचं. बी तिसऱ्याला द्यायचं नाही. पेटंटचा विचार झाला तर आधी प्राधिकरणाकडे जायचं. शोधनिबंधात गावाचं आणि बी राखणाऱ्यांचं नाव, त्यांची संमती घेऊन. आणि आमची एक विद्यार्थिनी तिकडच्या प्रयोगशाळेत शिकायला जाईल, खर्च त्यांचा.

तिकडच्या कायदा विभागाने सुरुवातीला नकार दिला. तिथल्या प्राध्यापिका मात्र आमच्या बाजूने उभ्या राहिल्या. जैविक संसाधन घेताना मूळ देशाची परवानगी आणि लाभात वाटा यासाठी असलेल्या नागोया या आंतरराष्ट्रीय कराराशी त्यांचाही देश बांधील होता आणि परवानगीशिवाय आलेल्या बियाण्यावर काम करणं त्यांनाच अडचणीचं ठरलं असतं. हे त्यांनी त्यांच्या लोकांना समजावलं. प्राधिकरणाची मंजुरी यायला वेळ लागला. चेन्नईहून शंका यायच्या, आम्ही उत्तरं द्यायचो. मंजुरी येईपर्यंत एकही बी बाहेर गेलं नाही. पहिल्या टप्प्याचं काम आम्ही इथेच केलं.

दरम्यान मे २०२४ मध्ये जिनिव्यात वायपोच्या सदस्य देशांनी जनुकीय संसाधनांवरचा करार स्वीकारला. जनुकीय संसाधनावर आधारलेल्या शोधाचं पेटंट मागताना ते संसाधन कुठल्या देशातलं आहे हे अर्जात सांगायचं, हा त्याचा गाभा. १५ देशांनी मान्यता दिल्यावर तो लागू होणार. आम्ही वाट पाहिली नाही, तीच अट आपल्या करारात घातली.

एका कलमावर अजून बोलणी चालू आहेत. बी न पाठवता त्याचा डीएनए क्रम खुल्या डेटाबेसमध्ये टाकला, तर पुढे तो कोण कशासाठी वापरेल यावर गावाचा काय हक्क? त्यांचं म्हणणं, माहिती खुली असावी. माझं म्हणणं, खुली असो, पण क्रमासोबत उगम आणि परवानगीचा क्रमांक जोडलेला असावा. ते मान्य होईपर्यंत क्रम आमच्याच संगणकावर आहेत.