ताडपत्री ते शीड: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा ताडपत्रीचा. होड्यांच्या शिडांपर्यंत आम्हाला नेलं ते दोन गिऱ्हाइकांच्या चुरशीने, आणि ही गोष्ट त्यांचीच. वडिलांनी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका पोटमाळ्यावर, एका मशीनवर सुरुवात केली. पुढे वाशीच्या बाजार समितीत येणाऱ्या ट्रकांचं काम वाढत गेलं. रोज ठाण्याहून गठ्ठे वाहायचे म्हणजे हाल, म्हणून तुर्भ्याला गाळा घेतला. ट्रकची ताडपत्री, दुकानांवरची पावसाळी शेड, मांडवाचं कापड एवढंच आम्ही शिवत होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर आमची मशीनं दोन महिने रात्रीसुद्धा थांबली नव्हती. मी नोकरीचा विचार सोडून कायमचा गाळ्यावर बसलो तो त्याच पावसानंतर.

शिडांचं काम आमच्याकडे आलं ते २००९ च्या दिवाळीनंतर. नेरूळच्या एक दातांच्या डॉक्टर निळ्या कापडाचा गठ्ठा घेऊन आल्या. म्हणाल्या, "होडीचं शीड आहे, मागच्या कडेला उसवलंय. शिवून द्याल का?" त्यांची होडी एंटरप्राइज जातीची, साधारण सव्वातेरा फुटांची. त्यात माणसं दोन आणि शिडं दोन, मोठं ते मेन आणि पुढचं ते जिब. या जातीची शिडं परंपरेने निळी असतात. त्याच काळात कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. ऑगस्टमध्ये त्यांनी मुंबई सोडली होती आणि पुढच्या मे महिन्यात ते परत आले. आमच्या मशीनवरच्या मुलाने पेपरातला त्यांचा फोटो कापून भिंतीला चिकटवला होता. त्या फोटोखालीच आम्ही आमचं पहिलं शीड शिवलं, आणि तेच चुकलं.

ट्रकच्या ताडपत्रीला मारतो तशी मी सरळ शिलाई मारली होती. दिसायला काम फार स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या रविवारी दुपारचा वारा वाढला आणि खाडीच्या तोंडाशी ती शिलाई वरपासून खालपर्यंत सुटली. डॉक्टर आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी फाटक्या शिडाने ओहोटीबरोबर बाहेर जायला लागल्या. तेव्हा आसपास दुसरी एकच होडी होती, कप्तानसाहेबांची. हे मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ, होडी त्याच जातीची. त्यांनी दोर टाकून दोघींना धक्क्यापर्यंत ओढत आणलं.

सोमवारी सकाळी दोघंही गाळ्यावर हजर. मला वाटलं, आता ओरडा बसणार. कप्तानसाहेबांनी काखेतलं स्वतःचं जुनं शीड काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. "तुमचं होईपर्यंत हे वापरा. पुढच्या रविवारी मी एकटा काय करू पाण्यात?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि शेठ, तुम्ही बसा. शीड कसं शिवतात ते आपण बघू."

त्या दिवशी जे कळलं त्यावर आमचा निम्मा धंदा आज उभा आहे. शिडाचं कापड आडव्या-उभ्या धाग्यात ताणत नाही, पण तिरकं ताणतं. सरळ शिलाईला तिथे लवचीकपणा नसतो, म्हणून धागा तुटतो. नागमोडी टाका ताणाबरोबर थोडा उघडतो आणि परत मिटतो. शिवाय डॅक्रॉन, म्हणजे शिडाचं पॉलिएस्टर कापड, इतकं कडक की सुती कापडात रुततो तसा टाका त्यात रुतत नाही, वर उठून राहतो. घासला की आधी तोच जातो, आणि उन्हातही कापडाच्या आधी धागाच मरतो. मी नागमोडी टाक्याचं जुनं मशीन शोधून आणलं. पहिलं शीड पूर्ण उसवून पुन्हा शिवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

याहून अवघड गोष्ट उलगडली ती आमच्याकडच्या घणसोलीच्या मावशींमुळे. ताडपत्री सपाट हवी, तिला पोट आलं की पाणी साचतं. शिडाचं बरोबर उलटं. त्याला पोट हवं, आणि तेही जागच्या जागी. कप्तानसाहेब दोन पट्ट्यांचा जोड दाखवून सांगत होते की पट्ट्यांच्या कडा सरळ कापलेल्या नसतात, किंचित बाकदार असतात. माझ्या काही डोक्यात शिरेना. मावशी आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या. त्यांनी बोटाने शिवण चाचपली. "दादा, हे टक्स घेतल्यासारखंच आहे की. सपाट कापडाला फुगा आणायचा तर कुठेतरी दाबायला लागतं." बस. त्या दिवसापासून शिडाचं कटिंग मावशींकडे आहे. कुठे किती दाबायचं हे त्या हाताने ओळखतात. पट्टीने मी नंतर मोजतो आणि माझं माप त्यांच्या हाताशी जुळतं.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या वाटचालीत बँक, कर्ज, मशीन हे सगळं आहेच, पण आम्हाला घडवलं ते डॉक्टर आणि कप्तानसाहेब या दोन माणसांच्या चुरशीने.

त्यांच्यात शर्यत कधी जाहीर झालेली नाही. कोणी "चला, बघू कोण पुढे" म्हणत नाही. मी पहिल्यांदा कप्तानसाहेबांच्या होडीत बसलो ते शिडाचं पोट खालून बघायला. थंडीचे दिवस, दुपारी वायव्येचा वारा. पश्चिमेला खाडीपलीकडची ट्रॉम्बेची टेकडी, दूर दक्षिणेला घारापुरी, कडेच्या चिखलात रोहितांचे थवे. आम्ही निवांत चाललो होतो. तेवढ्यात उलव्याच्या बाजूने निळं शीड दिसलं. कप्तानसाहेब काही बोलले नाहीत. फक्त पाठ ताठ झाली. एका हाताने किकर, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा खाली धरणारा दोर, ओढला, शीटला अर्धा वीत ताण दिला. (शीट म्हणजे कापड नव्हे, शीड ओढायचा दोर. मलाही हे शिकावं लागलं.) मला म्हणाले, "तुम्ही जरा कडेवर बसा, आणखी बाहेर." मी विचारलं, डॉक्टर आहेत का? "असतील. मी पक्षी बघतोय."

तिकडे त्या होडीतही मुलगी कडेवर लवली होती आणि डॉक्टर पक्ष्यांकडेच बघत होत्या.

दोन्ही होड्या वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत होत्या आणि एका बिंदूकडे येत होत्या. वारा जिच्या उजव्या अंगाने येतो तिला दुसरीने वाट द्यायची, हा पाण्यावरचा नियम. आमच्या डाव्या अंगाने वारा होता. अगदी जवळ आल्यावर मुलीचा खणखणीत आवाज आला, "स्टारबोर्ड!" कप्तानसाहेबांनी सुकाणू ओढलं आणि आम्ही त्यांच्या मागून गेलो. ते जाताना हात वर करून "उत्तम!" म्हणाले, आणि लगेच पुटपुटले, "आता बघा पोट कुठे आहे ते."

मी तळाला पाठ टेकून वर बघितलं. शिडाचं पोट पुढच्या कडेपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर असावं. ते सरकून पार मागे गेलं होतं. कापड म्हातारं झालं की असंच होतं. वारा होडीला पुढे ढकलण्याऐवजी कलती करतो. पुढच्या कडेजवळ वारा कसा वाहतोय ते कळायला लावलेले लोकरीचे धागे सरळ मागे उडायला हवेत. आतल्या बाजूचा धागा सारखा वर उठत होता. गाळ्यावर फरशीवर पसरलेल्या शिडात हे कधीच दिसलं नसतं. तेव्हापासून आमचा नियम आहे की मोठं काम असेल तर शीड आधी पाण्यावर बघायचं आणि मगच कात्री लावायची.

धक्क्यावर आल्यावर चहा आणि वडापाव. हरलो-जिंकलो हा शब्द नाही. पण चहाचे पैसे कोण काढतं यावरून निकाल कळतो. त्या दिवशी कप्तानसाहेबांनी दिले.

त्यांचं शीड आम्ही दोन शिवणी उघडून नव्याने बसवलं. पुढच्या महिन्यात डॉक्टर आल्या. "त्यांच्या शिडाला काय केलंत?" मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी कप्तानसाहेब डॉक्टरांच्या जिबबद्दल विचारायला आले, त्यांनाही सांगितलं नाही. प्रत्येक शिडाची वही वेगळी आहे आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. माझ्या मते या चुरशीत आमची खरी नोकरी हीच आहे. दोघांचा विश्वास एका गाळ्यावर असेल तर दोघांसाठी जीव सारखाच लावायला हवा. एकाच्या कामात आळस केला की दुसरा जिंकतो, आणि त्या जिंकण्यात त्याला गोडी राहत नाही. ही गोष्ट मला कप्तानसाहेबांनीच सांगितली. डॉक्टरांची पट्टी सैल बसली होती, आणि डॉक्टरांच्या आधी कप्तानसाहेबच ती तक्रार घेऊन आले होते.

चुरस टोकाला गेली ती एका दशमीला. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले एक आजोबा आमच्याकडे जाळ्याचे दोर ओवून घ्यायला यायचे. तरुणपणी त्यांनी शिडावर मासेमारी केली होती. त्यांनी मला हिशोब शिकवला होता: तिथीला पाऊणपट करायचं की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला दहाचे पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि पावणेदोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या होडीत होतो, मुलीची परीक्षा होती म्हणून. आठला ओहोटीबरोबर बाहेर पडलो आणि बाराच्या सुमारास परत फिरलो. आता प्रवाह समोरून, वारा जेमतेम.

मधल्या खोल पाण्यात ओहोटीचा जोर असतो, काठाच्या उथळात तो कमी. म्हणून कप्तानसाहेब काठाला गेले. आम्ही त्यांच्या आत घुसलो. ते आणखी आत गेले. तिवरांची मुळं दिसायला लागली. डॉक्टरांनी सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी, निम्मं वर घेतलं, तिकडे त्यांनीही घेतलं. आधी वळणार कोण? कोणीच नाही. सव्वाबाराला आमची होडी चिखलात मऊ बसली, आणि वीस हातांवर त्यांचीही. पाणी डोळ्यांदेखत हटत गेलं. उतरायची सोय नाही, मांडीपर्यंत पाय जातो.

पुढचे तीन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. शिडं उतरवून त्यांची सावली केली. डॉक्टरांकडे थालीपीठ होतं, कप्तानसाहेबांकडे थर्मासमध्ये चहा. दोराला डबा बांधून देवाणघेवाण झाली. कप्तानसाहेब १९८२ च्या एशियाडबद्दल सांगत बसले. खेळ दिल्लीचे, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या, आणि फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. त्यावेळी सुट्टीवर असलेले कप्तानसाहेब लाँचमधून ते बघायला गेले होते. "तेव्हाच ठरवलं," म्हणाले, "निवृत्त झालो की लहान होडी." डॉक्टर म्हणाल्या, त्यांच्या वडिलांना पोहता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मुलीला पाण्यापासून लांब ठेवलं. चाळिशीत त्या शीड धरायला शिकल्या. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सव्वातीनला होड्या तरंगल्या. तोवर वायव्येचा वारा आला होता, आणि धक्क्यापर्यंत दोघांनी पुन्हा कोणाला पुढे जाऊ दिलं नाही.

त्यानंतर त्यांचं बघून दुसरे लोक आमच्याकडे यायला लागले. आज वर्षाला बरीच शिडं येतात, हार्बरच्या पलीकडूनही. वेळापत्रक छान जुळलं आहे. एप्रिल-मेमध्ये पावसाळी शेडची गर्दी असते. पाऊस सुरू झाला की होड्या वर काढतात आणि शिडं आमच्याकडे येतात. ऑक्टोबरच्या आत ती परत द्यायची. एकदा एका पुरवठादाराने दुय्यम प्रतीचं कापड पहिल्या प्रतीचं म्हणून दिलं. अख्खा रोल आम्ही शेडच्या कामाला वापरला आणि तोटा सोसला. २०२० चा उन्हाळा रिकामा गेला, त्यावर काय लिहायचं. पगार थांबवले नाहीत, एवढं सांगतो.

शिडं देताना आम्ही प्रत्येकाला सांगतो ते इथेही सांगतो. गोड्या पाण्याने धुवा, मीठ राहिलं की कापड कायम ओलसर राहतं. सावलीत वाळवा. वाऱ्यात फडफडत ठेवून वाळवू नका, फडफडीने कापड लवकर मरतं.

यंदा पावसाळ्यात दोघांनीही नवी मेन शिडं सांगितली, एका आठवड्याच्या अंतराने, एकमेकांना न सांगता. कप्तानसाहेबांनी आता सत्तरी ओलांडली आहे. डॉक्टरांची मुलगी नोकरीला लागली, आता त्यांच्याबरोबर भाचा असतो. मी दोघांना एकच सांगितलं की कापड एकाच रोलमधून जाईल. मावशींनी दोन्ही शिडं गाळ्याच्या फरशीवर शेजारी-शेजारी कापली. एका शिडाला हात दुसऱ्यापेक्षा बरा लागला असं होऊ नये, म्हणून एकदा याची पट्टी, एकदा त्याची. तयार झाल्यावर कुठलं कोणाचं हे आम्ही चिठ्ठी टाकून ठरवलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दोन्ही शिडं पाण्यावर गेली. मी आणि मावशी धक्क्यावर उभे होतो. लांबून कुठलं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. चहाचे पैसे डॉक्टरांनी दिले.

सोमवारी नऊ वाजता शटर वर करतोय तोवर त्या शीड काखेत घेऊन उभ्या. "मावशी आल्या का? खालची कडा जरा बघायचीय."