सापळ्यातलं शून्य

ऑक्टोबरात शेजारच्या गावाचा चार्ज माझ्याकडे आला. यवतमाळकडची काळी जमीन, शिवारभर कपाशी. कृषी खात्यातल्या आधीच्या सहायकाच्या नोंदवहीत, बोंडअळीचे पतंग पकडायला लावलेल्या कामगंध सापळ्यांचे आकडे होते 0, 0, 1, 0. शेतात गेले तर सापळ्याच्या नरसाळ्यात कोळ्याचं जाळं, आणि ल्यूरची, म्हणजे पतंगांना ओढणाऱ्या आमिषाची, पुडी फोडलेलीच नव्हती.

गुलाबी बोंडअळीचा पतंग करंगळीच्या नखाएवढा, मातकट. ल्यूरला मादीचा वास, त्यामुळे फक्त नर येतात. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली असं धरतात. नवी ल्यूर लावली, रोज सकाळी नरसाळ्याखालची पिशवी सोडून मोजले. 19, 14, 17. मग वीस हिरवी बोंडं तोडली. बाहेरून बोंड निकोप दिसतं, कारण अळी अगदी बारीक असतानाच आत शिरते आणि मागे छिद्र बुजतं. फोडल्यावर आतल्या पडद्याला गोल भोक दिसतं. विसातली दोन किडली तरी धोका. इथे सात निघाली.

शेतकरी एवढंच म्हणाला, "मॅडम, वहीत तं सुन्न होतं ना जी?"

त्याची मुलगी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकते. बोंडं फोडता फोडता तिने ब्रॅम्बल के बेटावरच्या मेलोमिस उंदराचं सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीतलं चार-पाच हेक्टरांचं बेट. समुद्राचं पाणी चढत गेलं आणि 2004 साली 2.16 हेक्टर असलेली हिरवळ मार्च 2014 ला 0.065 वर आली. त्याच वर्षी शोधपथकाने 900 सापळा-रात्री घातल्या. एक सापळा एक रात्र लावला की एक धरायची. शिवाय कॅमेरे लावले, दिवसाही धुंडाळलं. एकही उंदीर मिळाला नाही. 2019 मध्ये सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

तेव्हापासून मला ते 900 सुटत नाहीत. त्या शून्यामागे एवढ्या रात्री, आणि आमच्या शून्यामागे एकही नाही. पतंग तर शिवारात पैशाला पासरी. सहायकाकडे गावं जास्त होती हे मला मान्य आहे, माझ्याकडेही आहेत. पुडी फोडायला मिनिट लागतं. वरून विचारणा होते ती फक्त सोमवारपर्यंत रकाना भरला का याची, पिशवी कोणी पाहिली हे कोणी विचारत नाही. त्या शेतकऱ्याची पहिली वेचणी गेली.

गेल्या आठवड्यात एका सापळ्यात खरंच काही नव्हतं. ल्यूरची तारीख पाहिली, पिशवी उलटी करून झटकली, दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेले. मग वहीत 0 लिहिलं.